मागच्या बोल्टवरच्या चकत्या

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसून चाक धरणाऱ्या वरच्या आर्मचा मागचा बोल्ट ढिला करत होता. बोल्ट सैल झाल्यावर पकडीने त्याने फटीतली एक चकती बाहेर ओढली. पत्र्याची, एका बाजूने खाच असलेली, जाडीला पाऊण मिलिमीटर. फडक्याने पुसून ती पुढच्या बोल्टमागे सरकवली, दोन्ही बोल्ट आवळले आणि मागच्या बोल्टवर किती उरल्या ते मोजलं. मोजायची गरज नव्हती. तीन होत्या, एक काढली. दोन.

चार महिन्यांपूर्वी, हंगामाच्या सुरुवातीला, तिथे सात होत्या.

सीटवर दादा बसला होता. म्हणजे वाळू. गाडीची चाकं मापायची तर चालवणाऱ्याचं वजन सीटवर हवं, आणि चालवणारा दर वेळी सकाळी सातला कुठून येणार, म्हणून वाळूच्या तीन पिशव्या भरून ठेवलेल्या. सगळ्या मिळून ब्याऐंशी किलो. "माझ्यापेक्षा हाच शहाणा," दादा पिशव्यांवर थाप मारून म्हणायचा, "तक्रार करत नाही, चहा मागत नाही." गेल्या महिन्यात दादाला काट्यावर उभं केलं तर सत्त्याहत्तर भरले. पाच किलो वाळू डब्याने काढून शटरच्या कोपऱ्यात टाकली. ती अजून तिथेच आहे.

दुकान त्याचं स्वतःचं. दोन शटर, एक खड्डा, भिंतीवर पान्यांची फळी, आणि नऊ ते सहा लोकांच्या साध्या गाड्यांची चाकं सरळ करायचं काम. नऊच्या आधीचे दोन तास या गाडीचे. ती मातीच्या ट्रॅकवर धावते. ट्रॅक लंबगोल, वळणं सगळी डावीकडे. त्यामुळे साध्या गाडीत जो दोष, तो इथे गुण. दोन्ही चाकं डावीकडे कललेली हवीत, डाव्याचा हिशोब वेगळा, उजव्याचा वेगळा. गिऱ्हाइकाची गाडी अशी निघाली तर गिऱ्हाईक पान्याने मारेल. या वाकड्या कामात त्याचा हात सरळ आहे. पाव अंशासाठी तो गाडी तीन-तीनदा उतरवून पुन्हा मापाच्या फिरत्या थाळ्यांवर चढवतो, म्हणून ट्रॅकवर त्याचं नाव पडलं 'पाव'. "पाव आला, उरलेला पाऊण कुठे ठेवला?" हा विनोद बावीस वर्षं जुना आहे आणि करणाऱ्याला दर वेळी नवा वाटतो.

चकत्यांचा संबंध चाकाच्या दुसऱ्या एका कलाशी. सायकलचा पुढचा चिमटा ताठ उभा नसतो, जरा मागे रेललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीच्या चाकालाही असा कल देतात, त्याला कॅस्टर म्हणतात. कल जास्त असला की स्टिअरिंग जड होतं, पण चाक आपली वाट आपण शोधतं. मातीत गाडी घसरली तरी स्वतःहून सावरतं. कल कमी केला की स्टिअरिंग हलकं होतं आणि सावरायचं काम चाकाकडून हाताकडे येतं. मागच्या बोल्टवरची एक चकती पुढे गेली की अर्धा अंश कल कमी होतो. सात चकत्या होत्या तेव्हा उजव्या चाकाचा कॅस्टर साडेपाच होता. आज तीन.

"जड लागतंय रे," दादा पहिल्यांदा म्हणाला तो हंगामातल्या दुसऱ्या शर्यतीनंतर.

ड्रायव्हर म्हणतो ते खरं, हा धंद्यातला पहिला नियम. ड्रायव्हरने 'जड' म्हटलं की गाडीत कुठेतरी जड असतंच. त्याने गाडी उघडली. बॉल जॉइंट बदलले, टाय रॉडची टोकं बदलली, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं. स्टिअरिंगचा बॉक्स आधी खोलून पाहिला आणि मग मन मानेना म्हणून सरळ दुसरा बसवला. या वर्गातल्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंगची परवानगी नाही, त्यामुळे पंपावर खापर फोडायची सोय नव्हती. प्रत्येक भाग बाकावर मांडताना त्याची एकच इच्छा होती, आणि कुठल्याही मेकॅनिकला सहसा नसते अशी ती इच्छा होती: दोष सापडावा. गाडीत दोष नव्हता.

मग त्याने ताणकाटा काढला. लोखंडी आकडा असलेला, पोती तोलायचा. आकडा स्टिअरिंगच्या कड्याला अडकवून ओढायचं आणि चाक हलेल तेव्हा काटा कुठे आहे ते बघायचं. हंगामाच्या सुरुवातीची नोंद वहीत होती: चौदा किलो. पहिली चकती हलवली, स्टिअरिंगचं कडं दोन इंचांनी मोठं बसवलं, तेव्हा बारा. "आता बरंय," दादा म्हणाला. दोन आठवड्यांनी पुन्हा: "जड लागतंय रे." साडेअकरा. पुन्हा. दहा.

या शनिवारी त्याने आकडा अडकवून ओढलं. साडेनऊ. वहीत लिहिलं. वरपासून खालपर्यंत आकडे उतरत गेलेले आणि प्रत्येकासमोर शेऱ्याच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात एकच शब्द: जड, जड, जड.

दोघा भावांचे वडील शिंपी होते. कापायची मोठी कात्री, काळ्या मुठीची. मुलांनी तिला हात लावला तर धपाटा. वडील पन्नाशीत आले तेव्हा तिची धार जायला लागली. आधी महिन्यातून एकदा, मग दोनदा, मग दर आठवड्याला आई ती कात्री फडक्यात गुंडाळून धार लावणाऱ्याकडे न्यायची. शेवटी तो म्हणाला, "बाई, पातं निम्मं झिजलंय. आता धार लावली तर नुसती मूठ उरेल. कात्री केस कापेल इतकी तेज आहे. मास्तरांना सांगा." आईने मास्तरांना काही सांगितलं नाही. घरी येऊन म्हणाली, "दिली लावून." पुढच्या वर्षी वडिलांनी कापणं सोडलं, काजं करू लागले. त्याच्या पुढच्या वर्षी काजंही सुटली. मग त्यांच्या शर्टाची बटणं आई लावायची. शेवटपर्यंत घरात शब्द होता तो एवढाच: कात्री बोथट झालीय.

तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि दादा वीसचा. कात्री पोचवायला काही वेळा तोच गेला होता.

पावणेआठला वहिनी आली. दादाचं रंगाचं दुकान दोन चौक पलीकडे, ते साडेआठला उघडतं. वाटेवर इथे डोकावण्याचं कारण तिच्या हातात होतं: रेसचे हातमोजे. तळव्यांवर तिने रबराचे तुकडे शिवले होते, सायकलच्या जुन्या ट्यूबचे, चौकडीचे टाके घालून. काम सुबक होतं. सासऱ्यांच्या मशीनवर शिकलेली ती.

"यांनीच सांगितलं शिवायला. म्हणाले, घामाने हात सटकतो."

"सटकतो घामाने," तो म्हणाला.

ती वाळूच्या पिशव्यांकडे बघत उभी राहिली. "रंगाचे डबे हल्ली मीच उघडते. स्क्रू ड्रायव्हर घालून झाकण वर करायचं, त्यात काय एवढं. पण मला म्हणतात, झाकणंच आता कंपनीवाले घट्ट बसवतात."

"बसवत असतील."

"भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?"

त्याने पाना फळीवर टांगला. पाना सतराचा होता, टांगला एकोणीसच्या खिळ्याला.

"गाडी खरंच जड झालीय का?"

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर होतं. वहीत तारखेसकट लिहिलेलं होतं आणि वही त्याच्या कोपरापाशी उघडी पडली होती. वहिनीला आकडे वाचता येतात. रंगाच्या दुकानाचा सगळा हिशोब तिच्याकडे आहे.

"झालीय जरा," तो म्हणाला. "जुनी गाडी. करतोय मी काहीतरी."

"बरं." तिने हातमोज्याचा एक सुटा दोरा तोडला. "बाबांच्या कात्रीचं तुम्हाला काही आठवतं का? सासूबाई एकदा बोलता बोलता गप्प झाल्या होत्या."

"धार टिकायची नाही. स्वस्तातली होती."

वहिनी हातमोजे बॉनेटवर ठेवून, एकावर एक नीट जुळवून, निघून गेली. ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आईने धार लावणाऱ्याकडून येऊन जे केलं, ते त्याने आत्ता अर्ध्या मिनिटात केलं होतं. आईला निदान वाटेत विचार करायला वेळ मिळाला होता.

साडेआठला दादा आला. उंच, खांद्याने रुंद, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. बाहीची बटणं तो आता लावत नाही, दुमडतो.

"उठ रे," तो वाळूला म्हणाला. दोघांनी मिळून पिशव्या काढल्या. दादाने पिशवी हाताने न धरता कवेत घेतली. मग तो सीटमध्ये शिरला, स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवून बघितलं. थाळ्यांवर ग्रीस असतं, चाक लोण्यासारखं फिरतं.

"कसंय?"

"बरंय." दादाने पुन्हा एकदा फिरवलं. "अजून एखादी चकती सरकली तर बघ."

"दादा, साडेनऊ किलो आहे ते. माझी बायको एका हाताने फिरवेल."

"मग तिला बसव उद्या. सहावी-सातवी येईल, माझ्यासारखीच."

"डावा कॅस्टर दोन आहे, उजवा आज तीन झाला. दोन्ही सारखे व्हायला आलेत. गाडीला डावीकडे वळायची आठवणच राहणार नाही. मागचं चाक घसरलं की पुढचं सावरणार नाही, तुला सावरावं लागेल. हाताने."

"बावीस वर्षं काय पायाने सावरतोय?"

तो गाडीच्या दाराशी वाकला. दार नव्हतंच, पत्र्यात कापलेली खिडकी होती. "एकदा डॉक्टरला हात दाखवून ये."

"हात दाखवायला तो ज्योतिषी आहे का?" दादा हसला. मग हसणं थांबवून, समोरच्या काच नसलेल्या चौकटीतून भिंतीकडे बघत, हळू आवाजात म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? मला माहीत आहे तो काय सांगणार ते. तुलाही माहीत आहे. औषध आहे का त्यावर?"

"बाबांच्या वेळी नव्हतं."

"मग. या हंगामाच्या नऊ शर्यती राहिल्यात. तेवढ्या होऊ देत." स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेत तो म्हणाला, "तुला नको असेल तर तसं सांग. पेट्रोल पंपामागचा तो आहे, तो करून देईल."

पेट्रोल पंपामागचा तो कॅस्टर डोळ्यांनी बघतो. एक डोळा मिटून. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि गेल्या महिन्यात "मी नाही करणार" म्हणून झालं होतं तेव्हा त्याच एका वाक्याने पाव पुन्हा उकिडवा बसला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने करायचं नाकारलं तर दादा वाईट बसवलेली गाडी चालवणार, आणि केलं तर चांगली बसवलेली गाडी चालवणार. न चालवण्याची तिसरी वाट चकत्यांच्या डब्यात नव्हती.

मात्र त्या दुपारी, गिऱ्हाइकाच्या गाडीचं काम चालू असताना, त्याला एक वाट सुचली. चांगल्या मेकॅनिकलाच सुचेल अशी वाईट वाट.

कॅस्टर बदलला की चाकांची सरळ रेषाही बिघडते. ती चाक वळवणारा टाय रॉड फिरवून पुन्हा जुळवायची आणि रॉड जागी धरून ठेवणारा चेक नट आवळायचा. नट आवळून झाला की तो नटावरून रॉडपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. रेघ अखंड तर नट जागचा हलला नाही. ही त्याची खूण. ट्रॅकवर सगळे ओळखतात. आणि शर्यतीआधी तपासनीस प्रत्येक गाडीच्या चेक नटला पाना लावून बघतो. नट सुटा निघाला तर गाडी त्या दिवसापुरती बाद, वाद नाही, अपील नाही.

संध्याकाळी सहाला शटर ओढण्याआधी त्याने उजवा चेक नट हाताने फिरवून टेकवला. पान्याने आवळला नाही. त्यावरून पिवळी रेघ ओढली. बावीस वर्षांत न आवळलेल्या नटावर ओढलेली ही पहिली रेघ. उद्या तपासनीस पाना लावेल, नट फिरेल, चारचौघांत नाक कापलं जाईल. जाऊ दे. दादा चिडेल, आठवडाभर बोलणार नाही. त्या आठवड्यात काहीतरी होईल. काय होईल, ते त्याने ठरवलं नव्हतं. एक रविवार टळेल, एवढंच त्याच्या हिशोबात होतं.

रविवारी दुपारी साडेबाराला तपासणीची रांग लागली. एकोणीस गाड्या, दादाची अकरावी. तपासनीस साठीचा, बारीक, मानेभोवती ओला रुमाल. स्वतः एकेकाळी गाडी चालवलेला. प्रत्येक गाडीखाली तो अर्धा शिरायचा, एक हात बाहेर काढून पाना मागायचा, लावायचा, परत द्यायचा. दहाव्या गाडीचा नट त्याने दोन्हीकडून तपासला आणि मालकाला झापलं, "हा नट आहे का मनगटी घड्याळ? सैल घालायचा शौक आहे?"

अकरावी आली. तपासनीस खाली शिरला. पाव दोन पावलांवर उभा होता, खिशात बावीसचा पाना. तपासनिसाचा हात बाहेर आला. पाना मागायला नव्हे. त्याने हवेतच हात हलवला.

"ही तुझीच ना?"

"माझीच. बघा ना नीट. उजवीकडचा बघा."

"बघितला. रेघ दिसतेय." तो बाहेर आला, गुडघे झटकले. "पाव, तुझी पिवळी रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तुझ्या नटाला पाना लावला तर लोक मला हसतील."

"लावा एकदा. नियम आहे."

"तू मला नियम शिकव. अजून आठ गाड्या आहेत, ऊन बघ." त्याने कार्डावर शिक्का मारला. दादा हेल्मेट काखेत धरून हे ऐकत होता. "ऐकलंस?" त्याने पावला विचारलं. "आमच्या घरचा माणूस आहे हा," तो तपासनिसाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता.

आता बोलावं तर काय बोलावं? नट मी सुटा ठेवला? का? त्या 'का'चं उत्तर रांगेतल्या एकोणीस गाड्यांसमोर, तपासनिसासमोर, दादासमोर द्यावं लागलं असतं.  सुटा नट घेऊन भावाला ट्रॅकवर सोडणं तर शक्यच नव्हतं. त्याने गाडी रांगेतून पुढे ढकलू दिली, कुंपणाच्या सावलीत थांबवली, "टायरची हवा बघतो" म्हणून खाली शिरला आणि बावीसच्या पान्याने चेक नट आवळला. नट पाव फेरा फिरला. पिवळी रेघ मधोमध तुटली. नटावरचा तुकडा एकीकडे, रॉडवरचा दुसरीकडे. खिशातल्या पिवळ्या पेनाने त्याने ती पुन्हा जुळवली. बाहेर आला तेव्हा पाठीला माती लागली होती. दादाने ती झटकायला हात पुढे केला. पाठीवर बसलेली थाप पोराच्या हाताची असावी तेवढी होती.

शर्यत वीस फेऱ्यांची. कुंपणाजवळ तो नेहमी तिसऱ्या वळणाशी उभा राहतो, कारण तिथे गाडी सगळ्यात जास्त घसरते आणि पुढची चाकं काय करतात ते दिसतं. इतर लोक कोण पुढे गेलं ते बघतात. तो फक्त उजवं चाक बघतो. चौदा किलोच्या दिवसांत ते चाक घसरणीत आपोआप उलटं फिरायचं आणि वळण संपता संपता आपोआप सरळ व्हायचं. दादाचे हात नुसते त्यावर असायचे. आता चाक आपोआप काही करत नव्हतं. प्रत्येक वळणात ते थोडं उशिरा फिरत होतं, थोडं उशिरा परतत होतं. सातव्या फेरीपर्यंत उशीर सारखा होता. बाराव्या फेरीला वाढला. सतराव्या फेरीला गाडीचं शेपूट बाहेरच्या भिंतीपासून हातभर अंतरावरून गेलं. शेजारी उभा असलेला वेल्डर म्हणाला, "दादा आज शायनिंग मारतोय."

 कुंपणाच्या तारेत बोटं अडकवून पावने उरलेल्या तीन फेऱ्या मोजल्या. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं.

दादा सहावा आला.

गाडी आत येऊन थांबली. नियमाप्रमाणे ड्रायव्हरने स्वतः पट्टा सोडून बाहेर यायचं असतं. दादा बसून राहिला. हेल्मेटच्या आतून तो छातीवरच्या बकलाकडे बघत होता. रबर लावलेले हातमोजे त्यावर दोनदा गेले, दोनदा घसरले. पाव खिडकीतून आत वाकला, जणू तापमानाचा काटा बघायला, आणि डाव्या हाताने बकल दाबलं. खट्ट आवाज झाला. पलीकडे उभ्या असलेल्या वहिनीने मान दुसरीकडे वळवली. तिला दिसलं होतं की नाही, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

"सहावा," दादा हेल्मेट काढत म्हणाला. केस घामाने चिकटले होते, चेहरा खूश होता. "वाईट नाही."

"नाही."

"शेवटी शेवटी जरा जड लागत होतं."

पावने खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवला होता. पत्रा तापलेला होता. "किती?" त्याने विचारलं.

"थोडंसं. एखादी चकती."

"बघतो," तो म्हणाला.

संध्याकाळी दोघांनी गाडी ट्रेलरवर चढवून दुकानात आणली. पाण्याच्या फवाऱ्याने माती धुतली, पुढची चाकं थाळ्यांवर घेतली, सीटवर वाळू ठेवली. वहीत त्याने रविवारची तारीख घातली, क्रमांकाच्या रकान्यात सहा लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात जड.

मागच्या बोल्टवर दोन चकत्या आहेत. उद्या सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यातली एक पुढच्या बोल्टवर जाईल.